छोटी टॉर्च घरच्या घरी दुरुस्त करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे टॉर्चला अजूनही 'बॅटरी' म्हणतात आणि आतल्या बॅटरीला 'सेल'. इथे गोंधळ नको म्हणून टॉर्च आणि सेल हेच दोन शब्द वापरतो. एक किंवा दोन पेन्सिल सेलवर (एए मापाच्या) चालणारी, ॲल्युमिनियमच्या नळीची, मागे बटण असलेली छोटी एलईडी टॉर्च डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. ट्रेकच्या ग्रुपमधल्या आणि गावाकडच्या मिळून बऱ्याच टॉर्च माझ्या टेबलावर येऊन गेल्या. खरोखर एलईडी जळालेली टॉर्च त्यांत क्वचितच निघाली. बाकीच्यांमध्ये वीज वाटेत कुठेतरी अडलेली असायची: मळात, गंजात, ढिल्या स्प्रिंगमध्ये. आणि अशी टॉर्च लोक कचऱ्यात टाकून नवी आणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टॉर्च कधी लागते, कधी लागत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी वीज कुठून कुठे जाते ते डोक्यात पक्कं करा. सेलच्या टोपीतून वीज पुढच्या डोक्यात जाते, तिथे एलईडी पेटवते, मग नळीच्या धातूतून मागे येते, झाकणाच्या आट्यांतून बटणात, बटणातून स्प्रिंगमध्ये आणि स्प्रिंगमधून सेलच्या बुडाशी. या फेऱ्यात एका जागी जरी धातूला धातू नीट टेकला नाही तरी उजेड जातो. दोष शोधणं म्हणजे ती जागा शोधणं.

सेल उलटे नाहीत ना, झाकण शेवटपर्यंत आवळलंय ना, हे बघून झालं की ही चाचणी करा. मागचं झाकण काढा, सेल नळीतच राहू द्या. दोन्ही टोकं सोललेला वायरचा एक तुकडा घ्या. एक टोक सेलच्या सपाट बुडाला दाबून धरा, दुसरं नळीच्या काठावर जिथे उघडा, चकचकीत धातू दिसतो तिथे टेकवा. काळ्या भागाला टेकवून उपयोग नाही. तो साधा रंग नसतो, ॲनोडायझिंगचा थर असतो, आणि त्यातून वीज जात नाही.

टॉर्च लख्ख लागली तर सेल, नळी आणि डोकं तिन्ही ठीक आहेत. दोष झाकणात आहे. नाही लागली तर सेल बदलून बघा, मग डोक्याकडे वळा. दोन मिनिटांचं काम आहे, पण निम्मी टॉर्च संशयातून मोकळी होते.

नवे सेल घातले तरी उजेड मिणमिणताच. एलईडी म्हातारी झाली का?

बहुतेक वेळा नाही. आट्यांवर नजर टाका. वापरून वापरून तिथे एक राखाडी-काळा चिकट थर जमतो: जुनं ग्रीस, धूळ आणि ॲल्युमिनियमची बारीक भुकटी. ॲल्युमिनियमवर हवेने जो ऑक्साइडचा थर येतो तोही वीज अडवतो.

हिशेब करून बघा. जोडांमध्ये मिळून अर्धा ओहम रोध वाढला आणि टॉर्च अर्धा अँपिअर ओढत असेल, तर पाव व्होल्ट तिथेच गळतो. दोन सेलचे मिळून 3 व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला लागतात जवळपास तेवढेच. त्यातले पाव व्होल्ट गेले की फरक डोळ्यांना दिसतोच.

उपाय सोपा आहे. जुन्या सुती बनियनचा तुकडा मेडिकलमधल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवा, आट्यांवर गुंडाळा आणि झाकण फिरवल्यासारखा फिरवा. पहिल्या फेरीत तो शाईत बुडवल्यासारखा काळा निघेल. कापड स्वच्छ निघेपर्यंत करत राहा. झाकणाच्या आतल्या आट्यांसाठी तेच कापड टूथपिकच्या टोकावर घ्या. मग नळीचा अगदी कडेचा गोल काठ, जो झाकणाच्या आत जाऊन टेकतो, तो साध्या खोडरबराने घासा. शाळेतलं पांढरं खोडरबर पुरतं. पॉलिश पेपर लागलाच तर 1000 नंबरच्या पुढचा, आणि तोही फक्त उघड्या काठावर.

सॅनिटायझर वापरू नका. त्यात स्पिरिट असतं, पण ग्लिसरीन किंवा जेलही असतं, आणि ते मागे चिकटून राहतं.

चालताना आपोआप लुकलुकते, मोड बदलतो. आतलं सर्किट बिघडलं का?

एकदा हरिश्चंद्रगडावरून टोलार खिंडीने अंधारात उतरत होतो. पुढच्या मित्राची टॉर्च दर दहा पावलांनी 'एसओएस' (मदतीचा लुकलुकता इशारा) मारायला लागायची. उतारावर प्रत्येक उडीला एक झटका बसायचा. खाली आल्यावर बघितलं, तर झाकणातली स्प्रिंग दबून दबून निम्मी झाली होती.

अल्कलाइन पेन्सिल सेलचं वजन साधारण 23 ग्रॅम असतं. दोन सेल म्हणजे नळीत जवळपास 46 ग्रॅमचा खुळखुळा. स्प्रिंगमध्ये दम नसेल तर धक्क्याला सेल क्षणभर सुटतात आणि परत टेकतात. सर्किटला वाटतं तुम्ही बटण अर्धं दाबलंत, आणि ते पुढचा मोड लावतं. बिचाऱ्या सर्किटचा त्यात काही दोष नाही.

स्प्रिंगचं टोक नोज प्लायरने धरून हलकेच 3-4 मिलिमीटर बाहेर ओढा. बुडाशी बोटाने दाबून धरा, नाहीतर तिचा सोल्डर निघेल. गंजली असेल तर बदलाच. ओढलेली गंजकी स्प्रिंग पुढच्या ट्रेकला तुटते. तात्पुरतं भागवायचं असेल तर ॲल्युमिनियम फॉइलची घट्ट दाबलेली छोटी गोळी सेलच्या बुडाशी ठेवतात. मी ती फक्त रस्त्यात अडकल्यावर वापरतो, घरी येऊन काढून टाकतो. गोळी सरकून भलत्याच जागी टेकली तर सेल शॉर्ट होतो.

लुकलुकण्याचं दुसरं कारण थकलेले सेल. मंद मोडवर छान चालते आणि फुल करताच फडफडते, हे त्याचं लक्षण. जास्त वीज मागितली की सेलचा व्होल्टेज खाली बसतो आणि सर्किट बंद होऊन पुन्हा चालू होतं.

सेलने पाणी सोडलंय, आत पांढरी भुकटी आहे. टॉर्च गेली का?

लवकर लक्षात आलं असेल तर नाही गेली. पण आधी कोणता सेल होता ते बघा, कारण उपाय त्यावर ठरतो.

सेलवर 'अल्कलाइन' लिहिलेलं असेल तर गळलंय ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. तो जहाल अल्कली आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची पांढरी भुकटी होते. कातडी आणि डोळ्यांना तो वाईट, आणि ॲल्युमिनियमलाही खातो. हातमोजे घाला. सुकी भुकटी जुन्या टूथब्रशने झटका, तोंडाने फुंकू नका, डोळ्यांत उडेल. मग चायनीज करताना वापरतात ते पांढरं व्हिनेगर इअरबडवर घेऊन डागांवर लावा. बारीक फसफसेल. फसफस थांबली की पाण्याने ओल्या केलेल्या इअरबडने पुसा, मग स्पिरिटने, आणि रात्रभर उघडी ठेवा. लिंबूही चालतं, पण त्याचा चिकटपणा नीट काढावा लागतो. व्हिनेगर मात्र विसरून तसंच ठेवू नका. ते स्प्रिंगवरचा मुलामा खातं.

स्वस्तातला साधा झिंक-कार्बन सेल असेल, गावाकडच्या किराणा दुकानात अजून तोच जास्त मिळतो, तर मामला उलटा आहे. त्याची गळती आम्लधर्मी असते. तिथे चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा आणि लगेच पुसून घ्या. अशा सेलचं जस्ताचं भांडंच वीज तयार करताना झिजत जातं. म्हणून उतरलेला सेल आत विसरणं म्हणजे गळतीला बोलावणं.

ड्रेनेज साफ करायची पावडर किंवा धुण्याचा सोडा वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दोन्ही ॲल्युमिनियम खातात.

सेल फुगून आत अडकलाय. काही केल्या निघत नाही.

घाई करू नका, एवढंच आधी सांगतो. पेन्सिल सेलचा व्यास 14.5 मिलिमीटर असतो आणि नळी त्याहून केसभरच मोठी. थोडं फुगलं, त्यात गळतीचे क्षार साचले, की सेल पाचरीसारखा बसतो.

डोकं निघत असेल तर ते काढा आणि पुढच्या बाजूने 12 मिलिमीटरची लाकडी दांडी घालून मागे ढकला. डोकं निघत नसेल तर सेलच्या कडेने व्हिनेगरचे पाच-सहा थेंब सोडा (साधा सेल असेल तर सोड्याचं पाणी), तासभर थांबा आणि टॉर्च उघड्या तोंडाने खाली धरून लाकडी पाटावर आपटा. जोरात नाही, सारखं. दर दहा-बारा ठोक्यांनंतर पुन्हा थेंब. टॉर्च गॅसवर किंवा हीटगनने तापवू नका, सेल फुटू शकतो.

माझ्या वडिलांची तीन सेलची पितळी टॉर्च माळ्यावर सापडली तेव्हा शेवटचा सेल असाच बसला होता. आट्यांवर हिरवट कीट, आत पांढरट-तपकिरी दगड झालेला. सोड्याच्या कोमट पाण्यात ठेवायची, सकाळी पाटावर ठोकायची, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या सकाळी खर्रर्र असा आवाज आला आणि सेल बोटभर बाहेर आला. त्याच्यावरचा कागद नळीलाच चिकटून राहिला होता, तो चमच्याच्या दांड्याने खरवडून काढला. आज ती टॉर्च एलईडीच्या बल्बवर चालते. आई रात्री गोठ्यात जाताना तीच नेते.

सेलच्या बुडात स्क्रू पिळून पकडीने ओढायचा उपाय बरेच जण करतात. साध्या सेलवर, चष्मा आणि हातमोजे घालून, अगदी शेवटचा उपाय म्हणून ठीक. लिथियम सेलवर कधीही नाही. त्याला भोक पडलं तर आग लागते.

ओ-रिंग कधी बदलायची? आणि तिला तेल कोणतं लावू?

झाकणाच्या आट्यांपाशी जी काळी रबरी रिंग असते ती. पाणी तीच अडवते. बॉक्सवर आयपीएक्स-7 छापलेलं असेल, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तरी ते वचन या दोन-तीन रुपयांच्या रिंगवर टिकून असतं. काढून बोटांत ताणून बघा. बारीक भेगा दिसल्या, चपटी झाली असेल किंवा झाकण फिरवताना काहीच अडत नसेल तर बदला. नळ-पंपाचं सामान किंवा हायड्रॉलिक सील विकणाऱ्या दुकानात जुनी रिंग घेऊन जा. अगदी तंतोतंत नाही मिळाली तर जाडी तीच ठेवा आणि घेर किंचित लहान घ्या. लहान रिंग ताणून बसते. मोठी आट्यांत चिमटून कापली जाते.

तेलाबद्दल मला थोडं आग्रहाने सांगायचंय, कारण इथेच चांगल्या टॉर्च खराब होतात. खोबरेल थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल, व्हॅसलिन हे सगळं खनिज तेलापासूनचं. काही टॉर्चमधली रिंग नायट्राइल रबराची असते, ती हे सोसते. पण काहींत ईपीडीएम रबर असतं. ते खनिज तेलाने फुगतं, मऊ पडतं, आणि मग झाकणच उघडत नाही. काळी रिंग यांतल्या कशाची आहे हे घरी ओळखता येत नाही. म्हणून सिलिकॉन ग्रीस घ्या, ते या दोन्हींना चालतं. रिंग स्वतःच लालसर किंवा पारदर्शक सिलिकॉनची असेल तरच सिलिकॉन ग्रीस टाळा, त्याने ती फुगते.

ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं पुरे. रिंग ओलसर चमकली पाहिजे, लडबडली नाही पाहिजे. जास्तीचं ग्रीस धूळ ओढतं आणि तुम्ही परत पहिल्या काळ्या कापडापाशी येता.

झाकण ढिलं झालंय, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू का?

नको. नळाला ती उत्तम, पण टेफ्लॉनमधून वीज जात नाही आणि बऱ्याच टॉर्चमध्ये वीज आट्यांतूनच जाते. टेप गुंडाळून आणलेल्या 'बंद' टॉर्च मी नुसती टेप काढून चालू करून दिल्यात. ढिलाई बहुधा रिंग झिजल्याची असते. आटे खरंच गेले असतील तर त्यावर घरगुती उपाय नाही.

बटण खोल गेलंय, किंवा दाबलं तरी 'टक' होत नाही.

वरचं रबर फाटलं असेल तर तेवढंच बदला. झाकणाच्या आत डोकावलंत तर दोन छोटी भोकं किंवा खाचा असलेली एक गोल चकती दिसेल. नोज प्लायरची दोन टोकं त्यात घालून फिरवा. फिरत नसेल तर उलट्या दिशेनेही हळूच बघा, काहींचे आटे उलटे असतात. चकती निघाली की बटण, मग रबर बाहेर येतं. कोणता भाग कशावर होता त्याचा फोनवर फोटो काढत चला.

ही चकती अर्धवट सैल झाली तरी टॉर्च लुकलुकते, आणि हे कारण फार लोकांच्या ध्यानात येत नाही. नुसती आवळूनही काम होतं.

तसंच रबर मिळालं नाही तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवा. दिसायला ओबडधोबड, पण पाणी अडवतो. बटणात 'टक' उरली नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्याच मापाचं मिळतं. सोल्डरिंग येत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे न्या.

काचेच्या आतून वाफ धरते.

पावसाळ्यात कोकणात हे हटकून होतं. सेल काढा, झाकण आणि डोकं उघडा, कोरड्या उन्हात किंवा टेबललॅम्पजवळ दोन-तीन तास ठेवा. मग सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात रात्रभर. बाहेर धो-धो पाऊस असताना उघडून लगेच बंद करू नका, दमट हवाच आत कोंडाल. वाफ पुन्हा पुन्हा येत असेल तर पुढच्या काचेखालची रिंग बघा. मागचीच बदलून लोक थांबतात.

काचेवर ओरखडे आहेत. टूथपेस्टने घासू का?

प्लास्टिकची असेल तर घासा. पांढरी पेस्ट, मऊ कापड, गोल गोल, दहा मिनिटं. खऱ्या काचेवर याचा उपयोग नाही. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकला लावू नका, तडे जातात.

आतल्या चांदीसारख्या वाटीला मात्र हात लावू नका. ती चमक म्हणजे प्लास्टिकवर किंवा धातूवर चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, आणि मऊ कापडानेही तो निघून येतो. धूळ असेल तर कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीने उडवा, बोटाचा ठसा असेल तर राहू द्या. आणि डोक्याच्या आत काहीही फेविक्विकसारख्या चिकटद्रव्याने चिकटवू नका. त्याची वाफ काचेवर आणि वाटीवर पांढरी बसते, ती पुन्हा निघत नाही.

बाहेरचा काळा रंग उडालाय.

उडू द्या. आतलं ॲल्युमिनियम स्वतःच ऑक्साइडचा थर धरतं, गंजून भोक वगैरे सहसा पडत नाही.

मग सेल कोणते घालू?

रोज वापरात असेल तर चांगल्या चार्जरसह निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल. 1.2 व्होल्टचेच असतात म्हणून लोक बिचकतात, पण जास्त भार आला तरी ते अल्कलाइनपेक्षा कमी खचतात आणि गळतही क्वचितच. सहा महिन्यांतून एकदा लागणाऱ्या टॉर्चसाठी 1.5 व्होल्टचे एकदा वापरायचे लिथियम पेन्सिल सेल महाग पण निर्धास्त.

एक नवा आणि एक जुना असं कधीही घालू नका. कमजोर सेल आधी संपतो, दुसरा त्याच्यातून वीज रेटत राहतो, आणि संपलेल्याच्या पोटात गॅस होऊन तो गळतो. मल्टिमीटर असेल तर बघा, अल्कलाइन सेल मोकळा असताना 1.3 व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर त्याची जोडीच बदला.

चार्जिंगच्या टॉर्चलाही हेच लागू का?

आटे, रिंग, बटण, काच, हो. सेलचा भाग वेगळा. 18650 नावाचा लिथियम-आयन सेल, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब, पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो आणि शॉर्ट झाला तर हात भाजण्याइतकी वीज एका क्षणात सोडतो. वर सांगितलेली वायरची चाचणी त्यावर करू नका. वायर घसरून सेलच्या दोन्ही टोकांना लागली तर कठीण. त्याचं वेष्टण फाटलं असेल, सेल फुगला असेल किंवा चार्जिंगला जास्त तापत असेल तर तो बाजूला काढा, दुरुस्तीचा विचारही नको.

टाकायचे सेल कुठे द्यायचे?

घरच्या कचऱ्यात नकोत. भारतात 2022 पासून बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम आहेत आणि जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर द्या. तोपर्यंत लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा.

पावसाळाभर पडून राहणार असेल तर कशी ठेवू?

सेल बाहेर काढून, एवढंच खरं. पण ज्या घरात ती अंधारात चाचपडून लावावी लागते, तिथे हे जमत नाही, हे मला कळतं. रात्रपाळीची थ्री-फेज येते तेव्हा मोटार लावायला बांधावरून जाणाऱ्या माणसाला सेल शोधत बसायला वेळ नसतो, आणि मण्यार रात्रीच फिरते. अशा घरी सेल आतच ठेवा, पण झाकण पाव फेरा सैल करा. आट्यांवर ॲनोडायझिंग असेल तर वीज फक्त नळीच्या काठातून जाते, आणि तेवढ्याने ती तुटते. टॉर्च पिशवीत चुकून लागत नाही, आणि बाजूला बटण असलेल्या टॉर्चमध्ये सर्किट जी थोडी थोडी वीज पीत राहतं तेही थांबतं. अंधारात पाव फेरा आवळणं हाताला दोन दिवसांत येतं. आणि दर अमावास्येला, किंवा जो दिवस तुमच्या लक्षात राहतो त्या दिवशी, झाकण उघडून सेलच्या बुडाकडे एकदा बघा. पांढरा ठिपका दिसला तर त्याच वेळी सेल काढा.